एमएस्सी ऑरगॅनिक करतोय, राहतो ऐरोलीला. कॉलेजात फोटोकेमिस्ट्रीचा प्रकल्प घ्यायचा आहे. किती वॅटचा यूव्ही दिवा घेऊ?

वॅट विचारू नका. खोक्यावरचा वॅटचा आकडा म्हणजे दिवा किती वीज खातो तो. तुमच्या व्हायलमध्ये (रिअॅक्शनच्या छोट्या बाटलीत) सेकंदाला किती फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, शिरले, ते त्यावरून कळत नाही. "१८ वॅट, ६ तास, यील्ड अमुक टक्के" अशा नोंदींवरून माझा एका वरिष्ठांशी जुना वाद आहे आणि तुमच्या प्रश्नाने तो परत उकरून काढला. त्यांचं म्हणणं, प्रॉडक्ट मिळालं ना, मग फोटॉन मोजून काय करायचंय? माझं म्हणणं, रबाळ्यात लिहिलेली नोंद वाचून महापेतल्या लॅबमध्ये तेच करता येत नसेल तर ती नोंद काय कामाची? दिवा दोन सेंटिमीटर मागे सरकला, व्हायल जाड काचेची आली किंवा पंखा बंद राहून एलईडी तापली, की सहाचे दहा तास होतात. मग सगळे कॅटॅलिस्टला शिव्या घालतात.

म्हणून दिव्याआधी पोटॅशियम फेरिऑक्झलेट बनवा. प्रकाशात त्यातलं फेरिक लोह फेरस होतं, आणि किती झालं त्यावरून फोटॉन मोजता येतात. हॅचर्ड आणि पार्कर यांनी १९५६ मध्ये पक्की केलेली ही पद्धत अजून कोणी मोडीत काढलेली नाही. १.५ मोलर पोटॅशियम ऑक्झलेटचे तीन भाग, १.५ मोलर फेरिक क्लोराइडचा एक भाग, जोरात ढवळत मिसळा. हिरवे स्फटिक पडतात. कोमट पाण्यातून तीनदा रिक्रिस्टलाइज करा आणि ४५ अंशांवर वाळवा. हे सगळं लाल दिव्याखाली, कारण हा पदार्थ साधारण ५०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश खातो आणि लॅबमधली ट्यूबलाइट त्याला पुरते. वाळलेले स्फटिक काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटलीत, डेसिकेटरमध्ये.

ट्रायहायड्रेट २.९५ ग्रॅम, ०.०५ मोलर सल्फ्युरिक आम्लात, एकूण एक लिटर: झालं ०.००६ मोलर. यातले ३ मिलिलिटर क्युव्हेटमध्ये (शोषण मोजायच्या छोट्या पारदर्शक पात्रात) घ्या, चुंबकाने ढवळत राहा आणि ३० सेकंद प्रकाश द्या. ढवळलं नाही तर दिव्याकडच्या थरातलं फेरिक संपत जातं आणि आकडा कमी येतो. एलईडी आधी पंधरा मिनिटं तापू द्या, सुरुवातीचा प्रकाश आणि स्थिरावलेला प्रकाश एक नसतो. मग १ मिलिलिटर काढून १० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये: ०.१ टक्का १,१०-फेनान्थ्रोलीन (फेरसशी नारिंगी रंग देतं) २ मिलिलिटर, अ‍ॅसिटेट बफर अर्धा मिलिलिटर, बाकी पाणी खुणेपर्यंत. तासभर अंधारात ठेवा आणि ५१० नॅनोमीटरला वाचा. प्रकाश न दिलेल्या द्रावणाचा ब्लँक असाच बनवायचा. ब्लँकच नारिंगी दिसला तर कुठेतरी उजेड लागलाय. वजाबाकी करून भागवू नका, द्रावण फेका.

समजा शोषण ०.५० आलं. ११,१०० ने (त्या नारिंगी संयुगाचा मोलर शोषणांक) भागा, दहा मिलिलिटरने आणि तीनने गुणा: १.३५ मायक्रोमोल फेरस. क्युव्हेटमध्ये एकूण १८ मायक्रोमोल लोह होतं, म्हणजे साडेसात टक्के बदललं. दहाच्या वर जाऊ देऊ नका. ३६५ नॅनोमीटरला क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या एका फोटॉनमागे किती रेणू बदलले, १.२१ (एकाहून जास्त, कारण तुटलेल्या ऑक्झलेटचा रॅडिकल आणखी एका फेरिकला फेरस करतो). म्हणजे सेकंदाला सुमारे ०.०३७ मायक्रोमोल फोटॉन.

आता तुमचा प्रश्न. १ मिलिमोल पदार्थ, क्वांटम यील्ड ०.१, तर १० मिलिमोल फोटॉन लागणार. वरच्या प्रकाशात त्याला ७५ तास. ३६५ नॅनोमीटरचा खरा १ वॅट प्रकाश सेकंदाला ३.०५ मायक्रोमोल देतो, तो पूर्ण शोषला गेला तर पाऊण ते एक तास. आधी तुमच्या पदार्थाचा स्पेक्ट्रम काढा. ३६५ ला शोषणच नसेल तर शंभर वॅटही फुकट. शोषण असेल तर हीटसिंक आणि पंखा असलेली ३६५ ची एलईडी घ्या, साधी बोरोसिलिकेट काच चालते. क्वार्ट्झचा खर्च ३०० नॅनोमीटरच्या खाली जायचं असेल तरच. मोजमाप मात्र रिअ‍ॅक्शनच्याच व्हायलमध्ये, तेवढ्याच आकारमानावर करा. क्युव्हेटचा आकडा व्हायलला लावला की सगळी मेहनत वाया.

पुढे ठाणे-बेलापूर रोडवरच्या फार्मा कंपनीत जायचं असेल तर तिथेही हाच हिशेब आहे. आयसीएच क्यू१बी ही औषधांसाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका फोटोस्टेबिलिटीसाठी (औषध प्रकाशात टिकतं का, या चाचणीसाठी) किमान १२ लाख लक्स-तास आणि चौरस मीटरला २०० वॅट-तास निअर-यूव्ही मागते. दिवा कितीचा ते नव्हे, नमुन्यावर किती पडलं ते. यूव्ही तपासायला त्यात २ टक्के क्विनीन आहे, ४०० नॅनोमीटरला वाचायचं. ते निअर-यूव्ही फ्लुरोसंट दिव्यासाठी बसवलेलं आहे, झेनॉनला तसंच चिकटवू नका.

दिवा नकोच असेल तर बेन्झोफेनोन २ ग्रॅम, आयसोप्रोपेनॉल १० मिलिलिटर, ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्लाचा एक थेंब, घट्ट बुच, गच्चीवर ऊन. काही दिवसांत बेन्झोपिनॅकॉलचे स्फटिक दिसतात. थेंब विसरलात तर काचेतला अल्कलीचा अंशही पिनॅकॉल फोडतो. पावसाळ्यात इथे याच्या नादी लागू नका.

हो, ऑक्झलेट विषारी आहे आणि ३६५ चा झोत डोळ्यांना जेमतेम जांभळट दिसतो, म्हणून यूव्ही गॉगल हवाच आणि हे घरच्या ओट्यावर नको. ४५० ची निळी एलईडी घेणार असाल तर ०.००६ मोलर पुरत नाही, ०.१५ घ्या, आणि १.२१ वापरू नका: ४३६ ला १.०१ आणि ४६८ ला ०.९३ आहे.