संशोधन पद्धत नेमकी ठरते कशावरून? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

पुस्तकात दिलंय की संशोधक पॉझिटिव्हिस्ट (समाज आकड्यांत मोजता येतो असं मानणारा) असेल तर प्रश्नावली आणि इंटरप्रिटिव्हिस्ट (माणसं आपल्या वागण्याचा काय अर्थ लावतात ते बघणारा) असेल तर मुलाखत, निरीक्षण. खरंच इतकं सरळ असतं का सर? (एमए भाग २, लातूर)

सिद्धांताचा वाटा असतोच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमला आत्महत्येमागचं सामाजिक कारण दाखवायचं होतं, एकेका माणसाच्या मनात शिरायचं नव्हतं, म्हणून १८९७ च्या त्याच्या अभ्यासात सरकारी आकडे आहेत. पण वेळ आणि पैसा तितकेच महत्त्वाचे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरात जाऊन राहू शकले कारण ऑक्सफर्डने नोकरी देताना पहिलं वर्ष फील्डवर्कसाठी मोकळं दिलं होतं. रोज तासिका घेऊन पीएचडी करणाऱ्याला ते कुठून जमणार?

ऊसतोड करणाऱ्या बायकांवर पीएचडी करतेय. गाइड म्हणतात ३०० जणींचा सर्व्हे घे, मला मुलाखती घ्यायच्यात. काय करू? (बीड)

आधी मुलाखती, सर्व्हे नंतर. का ते सांगतो. तुमच्या फॉर्ममध्ये "तुमची मजुरी किती" असा प्रश्न असणारच, पण मुकादम (टोळी जमवणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर, बाईची वेगळी मजुरी अशी नसतेच, मग ती एकतर नवऱ्याकडे बघेल नाहीतर काहीतरी आकडा सांगून मोकळी होईल आणि तो आकडा ३०० वेळा गोळा केला तरी चुकीचाच राहणार. कुठला प्रश्न विचारायचा हेच आधी बायकांकडून कळायला पाहिजे.

दुसरं म्हणजे हंगाम. पहाटे अंधारात फडात जायचं, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधायच्या, कधी रात्री गाडी भरायची, यात तासाभराची मुलाखत मागणं बरोबर नाही. टोळी गावी परतली की उन्हाळ्यात जा. तिथे मुकादम जवळ बसलेला नसतो, हा मोठा फायदा. आणि मुकादमाने हो म्हटलं म्हणजे बाईने हो म्हटलं असं होत नाही, तिला वेगळं विचारा.

तुम्ही बाई आहात म्हणून गर्भाची पिशवी काढण्याच्या ऑपरेशनबद्दल त्या बोलतील, माझ्यासारख्याशी बोलणार नाहीत. संशोधक स्वतः कोण आहे, कुठल्या जातीचा, बाई की पुरुष, यावरून कुठली दारं उघडतात ते ठरतं आणि मला वाटतं पाठ्यपुस्तकं यावर फारच कमी बोलतात. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते १९६१-६२ मध्ये तंजावरच्या एका गावात अग्रहारात, म्हणजे ब्राह्मण वस्तीत, राहिले. ब्राह्मणांची माहिती जितकी आतून मिळाली तितकी दलित वस्तीची मिळाली नाही हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. तुमच्याही प्रबंधात असं प्रामाणिकपणे लिहा, गाइड काढायला सांगतील तरी काढू नका.

शेतकरी आत्महत्यांवर करायचंय, एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे) आकडे फुकट मिळतात. तेवढ्यावर भागेल का? (यवतमाळ)

सुरुवात करायला छान आहेत, वर्षावर्षाची तुलना होते, खर्च शून्य. फक्त आकडा तयार कसा होतो ते बघा. पोलीस मृताचा व्यवसाय काय लिहितात त्यावर नोंद. शेतात जन्मभर राबलेली बाई, पण सातबारा तिच्या नावावर नाही, ती बऱ्याचदा गृहिणी म्हणून मोजली जाते. शिवाय सरकारी मदतीसाठी जिल्हा समिती पात्र-अपात्र ठरवते ती यादी वेगळीच, तिथे जमीन, कर्ज, वसुलीचा तगादा असं सगळं बघतात. म्हणजे दोन याद्यांचा आकडा जुळणारच नाही, आणि का जुळत नाही हाच खरं तर तुमचा विषय होऊ शकतो. अपात्र ठरलेली थोडीच घरं निवडा आणि तिथे जाऊन बसा.

ओळख लपवून एखाद्या कंपनीत काम करत अभ्यास केला तर चालेल का? (पुणे)

माझं मत विचाराल तर नको. १९६० च्या दशकात अमेरिकेत लॉड हम्फ्रीज या समाजशास्त्रज्ञाने सार्वजनिक शौचालयात भेटणाऱ्या समलैंगिक पुरुषांचं गुपचूप निरीक्षण केलं, गाड्यांच्या नंबरवरून पत्ते काढले आणि साधारण वर्षाने वेष बदलून आरोग्य सर्व्हेच्या नावाखाली त्यांच्या घरी गेला. माहिती मोलाची मिळाली, समज बरेच मोडले, पण नावं फुटली असती तर त्या माणसांची नोकरी, संसार सगळं गेलं असतं आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्या बाबतीतही नोकरी जाणार ती तुमच्याशी मोकळेपणी बोललेल्या कामगाराची. त्यापेक्षा काम सोडून गेलेल्यांना गाठा, ते सुट्टीच्या दिवशी निवांत बोलतात.