कबुली न्यायालयात चालत नाही, तर पोलीस ती मारून घेतात कशाला?

पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे आपण प्रश्नातच लिहिले आहे, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. आपल्या ‘कशाला’चे उत्तर पुरावा कायद्याच्या जुन्या कलम २७ मध्ये आहे. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट हाती लागली, तर त्या गोष्टीशी थेट संबंध असलेला माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चे परंतुक (मुख्य नियमाला जोडलेला अपवाद) झाले आहे. अशा एका पंचनाम्यावर माझी सही आहे, म्हणून हे लिहीत आहे.

घरफोडीचे प्रकरण होते आणि कार्यालयातून आम्हा दोघांना पंच म्हणून पाठवले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा निवेदन पंचनामा लिहून तयार होता: ‘दागिने जेथे लपवून ठेवले आहेत ते ठिकाण मी दाखवतो, माझ्यासोबत चला.’ ज्याच्या तोंडी हे वाक्य होते तो विशीतला मुलगा टाचा न टेकवता भिंतीला धरून उभा होता. पंचनाम्यात सुरुवातीची वेळ १०.१५ होती, आणि कार्यालयाच्या हजेरीपटावर मी सहीच मुळी १०.३० ला केली होती. जागेवर गेल्यावर हवालदार पुढे आणि आरोपी मागे, असे आम्ही चाललो, आणि कोणती वीट काढायची हे हवालदाराने विचारलेसुद्धा नाही. तरीही मी सही केली, याची लाज मला आजही वाटते.

चार वर्षांनी साक्षीत मी हे सगळे जसेच्या तसे सांगितले, तेव्हा मला फितूर ठरवण्यात आले आणि पुढे आरोपी सुटला. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले माझे मेहुणे तेव्हापासून म्हणत आहेत की दागिने तर सापडले ना, मग तुमच्या पायी चोर सुटला. तो चोर होता की नाही, हे मला ठाऊक नाही. परंतु पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९४६ सालीच सांगितले आहे की, उघड झालेली गोष्ट म्हणजे नुसती वस्तू नव्हे, तर ती जेथून निघाली ती जागा आणि त्या जागेची आरोपीला असलेली माहिती. हवालदारच पुढे चालत असेल, तर उघड झाली ती माहिती कोणाची?

सक्तीने वदवलेल्या माहितीला कलम २७ चाही आधार मिळत नाही, कारण आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असे सांगणारा संविधानाचा अनुच्छेद २०(३) आड येतो. काठी कालू ओघड प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. मात्र सक्ती झाली हे आरोपीनेच दाखवायचे असते, आणि बंद खोलीतले तो दाखवणार कसे? म्हणून आपल्या ओळखीचे कोणी कोठडीत असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्यांदा उभे राहताच मारहाणीची तक्रार नोंदवून घेण्यास आणि वैद्यकीय तपासणी मागण्यास त्याला सांगावे. पंच म्हणून आपल्यालाच बोलावणे आले, तर कागदावरची वेळ पाहिल्याशिवाय सही करू नये, मग घरातले कोणी काहीही म्हणो.

एक राहिलेच. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, लागलेला असेल, तर वरचे बरेचसे लागू होत नाही. तेथे पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली त्याच कायद्याच्या कलम १८ प्रमाणे पुराव्यात येऊ शकते.