‘टॉप-शेल्फ’ मासिकांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: ब्रिटनमधल्या एका वृत्तपत्रमालकावरचा इंग्रजी लेख मराठीत आणायचा आहे. त्यात ‘टॉप-शेल्फ मॅगझिन्स’ हा शब्दप्रयोग वारंवार येतो. त्यासाठी ‘वरच्या फळीतली मासिकं’ लिहावं, की सरळ ‘अश्लील मासिकं’ लिहून मोकळं व्हावं?

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. पहिल्यानं अर्थ उलटा होतो आणि दुसऱ्यानं एका माणसावर नसलेला आरोप बसतो.

आधी फळीचं बघू. आपण ‘पहिल्या फळीतले फलंदाज’, ‘वरच्या फळीतले नेते’ म्हणतो तेव्हा मानाचं स्थान सांगत असतो. त्यामुळे ‘वरच्या फळीतली मासिकं’ वाचून मराठी वाचकाला नामांकित, दर्जेदार नियतकालिकं आठवतील. ब्रिटनमधला अर्थ मात्र अगदी लाकडी फळीचाच आहे. पेपर, मासिकं, सिगारेट, गोळ्या-चॉकलेटं विकणारं कोपऱ्यावरचं दुकान डोळ्यांसमोर आणा. तिथल्या मांडणीत सगळ्यात वर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी नग्न छायाचित्रांची मासिकं ठेवायची, हा विक्रेत्यांनी पाळलेला संकेत. त्या जागेवरूनच मासिकांना नाव पडलं. म्हणून मी ‘वरच्या कप्प्यातली मासिकं’ असं लिहीन. ‘कप्पा’ शब्दाला मानाचा वास नाही, आणि काहीतरी वेगळं ठेवलं आहे ही छटा त्यात आपोआप येते. लेखात हा शब्द पहिल्यांदा येईल तिथे ‘मुलांचा हात पोचू नये म्हणून’ एवढं जोडलं की पुढे तो एकटा चालतो.

आता ‘अश्लील’. इथे जरा थांबायला हवं, कारण या शब्दाचा अर्थ काय यावरच लंडनमध्ये एक गाजलेला खटला फिरला.

आपल्याकडचा ‘अश्लील’ हा मूळचा काव्यशास्त्रातला शब्द. ‘श्रील’ म्हणजे शोभा असलेलं, त्याचंच दुसरं रूप ‘श्लील’, आणि ते नसलेलं ते अश्लील. काव्यशास्त्रकार मम्मटानं हा काव्यदोष तीन प्रकारचा सांगितला आहे: लाज आणणारा, किळस आणणारा आणि अमंगल सुचवणारा. म्हणजे शब्द ऐकून ऐकणाऱ्याला काय वाटतं, यावर तो बेतलेला आहे. रोजच्या मराठीतही आपण तो तसाच वापरतो.

ब्रिटिश कायद्यातल्या ‘ऑब्सीन’चं तसं नाही. तिथला पहिला अश्लील प्रकाशनविषयक कायदा 1857 चा, पण त्यात शब्दाची व्याख्या नव्हती. ती 1868 मध्ये हिक्लिन खटल्यात सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी दिली: ज्यांच्या हाती हे पडू शकेल आणि ज्यांची मनं अशा प्रभावाला बळी पडण्याजोगी आहेत, त्यांना भ्रष्ट आणि नीतिहीन करण्याकडे मजकुराचा कल आहे का? पुढे 1959 च्या कायद्यानं कसोटी थोडी बदलली. मजकूर तुकड्यातुकड्यानं न पाहता समग्र पाहायचा आणि तो प्रत्यक्षात वाचण्याचा संभव असलेला वाचक लक्षात घ्यायचा. कल मात्र तोच, भ्रष्ट करण्याचा. नुसती किळस किंवा लाज वाटणं पुरेसं नाही.

हा फरक नेमका कळतो तो ‘ऑझ’ मासिकाच्या खटल्यात. ‘ऑझ’ काही वरच्या कप्प्यातलं मासिक नव्हे, ते बंडखोर तरुणांचं नियतकालिक. त्याच्या 28 व्या अंकावरून 1971 मध्ये तिघा संपादकांना शिक्षा झाली. न्यायाधीशांनी ज्यूरीला ‘ऑब्सीन’चा शब्दकोशातला अर्थ सांगितला होता: ओंगळ, किळसवाणं, कामुक. अपील न्यायालयानं ही चूक गंभीर मानली. कायद्यात शब्दाची व्याख्या दिलेली असताना कोशातला अर्थ ज्यूरीपुढे ठेवता येत नाही. 1959 च्या कायद्याखालची शिक्षा रद्द झाली. अंक टपालानं पाठवल्याबद्दलचा, टपालाच्या कायद्याखालचा दोष मात्र कायम राहिला, कारण तिथे शब्द होते ‘इन्डीसेंट ऑर ऑब्सीन’, आणि तिथे त्यांचा रोजच्या वापरातलाच अर्थ धरायचा होता. एकच अंक, एकच न्यायालय, आणि एकाच शब्दाचे दोन अर्थ. शब्दांवर प्रेम करणाऱ्या कुणालाही हा निकाल वाचताना भरून यावं असा आहे.

‘इन्डीसेंट’साठी मी ‘असभ्य’ सुचवतो. 1965 च्या एका निकालात म्हटलं आहे की हे दोन्ही शब्द एकाच पट्टीवरचे आहेत, ‘इन्डीसेंट’ खालच्या टोकाला आणि ‘ऑब्सीन’ वरच्या. अश्लील ते बहुतेक असभ्य असणारच, पण असभ्य ते सगळं अश्लील नव्हे. वरच्या कप्प्यातल्या मासिकांचा सगळा धंदा या दोन टोकांच्या मधल्या जागेत उभा राहिला. पॉल रेमंड यांनी 1958 मध्ये लंडनच्या सोहो भागात नग्ननृत्यांचा रंगमंच उघडला, 1971 मध्ये ‘मेन ओन्ली’ आणि 1990 मध्ये ‘मेफेअर’ विकत घेतलं. ती मासिकं उघडपणे दुकानांत विकली जात. रिचर्ड डेझमंड यांनी 1983 मध्ये ‘पेंटहाउस’ची ब्रिटिश आवृत्ती काढायला घेतली आणि 2000 मध्ये साडेबारा कोटी पौंडांना ‘एक्स्प्रेस’ वृत्तपत्रसमूह घेतला. तेव्हा वाद झाला तो अशा मासिकांच्या मालकाच्या हाती राष्ट्रीय दैनिक जावं का, यावर. त्यांचा ‘अश्लील मासिकांचे प्रकाशक’ असा उल्लेख केलात तर न्यायालयानं न दिलेला निकाल तुमच्या अनुवादानं दिला असं होईल. त्यांच्या टीकाकारांच्या तोंडी हा शब्द असेल तर खुशाल ठेवा, पण लेखकाच्या निवेदनात नको.

आपल्याकडे हा शब्द इतका निसरडा का, याचंही कारण तिकडेच आहे. हिक्लिनची कसोटी आपल्या न्यायालयांनी उचलली. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वरच्या 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी वकीलपत्र घेतलं, तरी कर्व्यांना दंड झालाच. लैंगिक आरोग्यावर शास्त्रीय भाषेत लिहिणाऱ्या माणसाला ज्या शब्दानं दंड भरायला लावला, तो शब्द सैलपणे वापरताना माझा हात अडखळतो. ब्रिटनमध्ये तर 1979 मध्ये तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांच्या समितीनं ‘ऑब्सीन’, ‘इन्डीसेंट’ असे शब्द कायद्यातून काढूनच टाकावेत, त्यांची उपयुक्तता संपली आहे, असं सुचवलं होतं. ते झालं नाही.

‘अ‍ॅडल्ट मॅगझिन’साठी ‘प्रौढ मासिक’ही टाळा. त्यावरून रात्रीचे साक्षरता वर्ग आठवतात. ‘प्रौढांसाठीची मासिकं’ हे बरोबर; सिनेमाच्या ‘फक्त प्रौढांसाठी’मुळे ते कानाला सवयीचंही आहे. ‘पिवळी पुस्तकं’ हा आपला जिवंत शब्द आहे आणि मला तो आवडतो, पण त्याच्यामागे इथल्या फुटपाथवरची स्वस्त, चोरटी छपाई उभी असते. गुळगुळीत कागदावरच्या, उघड वितरण असलेल्या लंडनच्या मासिकाला तो बसत नाही.

‘मॉडेस्टी बॅग’ तुमच्या लेखात येईलच. 2013 मध्ये ‘लॅड्स मॅग्ज’विरुद्ध, म्हणजे तरुण पुरुषांसाठीच्या, मुखपृष्ठावर अर्धनग्न तरुणी छापणाऱ्या साप्ताहिक-मासिकांविरुद्ध स्त्रीवादी संघटनांनी मोहीम चालवली. को-ऑप या दुकानसाखळीनं प्रकाशकांना सांगितलं की अंक मुखपृष्ठ झाकणाऱ्या अशा बंद पिशवीत द्या, नाहीतर आम्ही ठेवणार नाही. इथे ‘लज्जा’, ‘शालीनता’ यांची जुळवाजुळव नको. ‘अपारदर्शक वेष्टन’ म्हणा.

आणखी एक सांगून ठेवतो. लेखात ‘व्हाइटहाउस’ नावाचं मासिक आलं तर ते अमेरिकी अध्यक्षांचं निवासस्थान समजू नका. डेव्हिड सलिव्हन यांनी 1974 मध्ये काढलेल्या या मासिकाला मेरी व्हाइटहाउस यांचं आडनाव दिलेलं होतं, आणि त्या बाई अनेक वर्षं अशाच प्रकाशनांविरुद्ध लढत होत्या. नाव एक शब्द म्हणून जोडून लिहा आणि पहिल्या उल्लेखापाशी बाईंचा परिचय एका वाक्यात द्या.