दुबईचं ग्राफिक्स कार्ड आणि फवारणीचे पैसे

2025 च्या पावसाळ्यात दापोलीजवळच्या आंजर्ल्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं, त्याला दिलेलं हे उत्तर. त्या आर्किटेक्ट लोकांना बंगल्यांचे थ्रीडी व्ह्यू करून देतात, एका व्ह्यूचे 3,000 रुपये घेतात. सध्याचं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स 1650 आहे, 4 जीबी मेमरीचं. बागेसकट बंगला रेंडरला, म्हणजे त्याचं शेवटचं चित्र तयार करायला, लावला की मेमरी संपते आणि काम रात्रभर प्रोसेसरवर चालतं. फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत त्यांना सात कामं नाकारावी लागली. त्यांना आरटीएक्स 5060 टीआय, 16 जीबी हे कार्ड घ्यायचंय. पुण्याच्या दुकानाने बिलासह 51,500 सांगितले. दुबईत नोकरीला असलेला मामेभाऊ गणपतीला येतोय, तो म्हणतो की तिथे व्हॅट धरून 43,000 ला पडेल. खात्यात 75,000 आहेत. त्यातले 30,000 वडिलांनी आंब्याच्या फवारणीसाठी ठेवायला दिलेत. "सगळे मिळून वापरले तर चालेल का, आणि दुबईहून मागवू का?" असा प्रश्न आहे.

ताई, आधी त्या 30,000 चं बोलू. ते पैसे तुमच्या खात्यात असले तरी तुमचे नाहीत. 2025 चा पाऊस मे महिन्यातच उतरला, 26 मेला तर तो मुंबईत पोचला होता, आणि तुमचा शेवटचा आंबा झाडावरच गेला असं तुम्हीच लिहिलंय. हातात आधीच कमी आलंय. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात पहिली फवारणी मोहोर यायच्या आधी, पालवी पोपटी असतानाच सांगितली आहे. ती चुकली आणि तुडतुडा बसला की मागाहून कितीही औषध मारलं तरी गेलेला मोहोर परत येत नाही. कार्ड दोन महिन्यांनी घेता येतं, पालवीला तसं थांबवता येत नाही. तेव्हा ते 30,000 आजच वडिलांच्या खात्यात टाका. तुमच्या खात्यात राहिले तर कधीतरी एखाद्या संध्याकाळी मोह होईलच.

म्हणजे तुमचे 45,000 राहिले. आता दुबईचं बघू.

8,500 चा फरक कुठून येतो, हे मी मांडून पाहिलं. 51,500 मध्ये 18 टक्के जीएसटी आहे, म्हणजे 7,856 रुपये. तो काढला तर इथली मूळ किंमत 43,644 राहते. दुबईत 5 टक्के व्हॅट धरून 43,000. म्हणजे पुण्याचा दुकानदार तुम्हाला लुटत नाहीये. फरक आहे तो बराचसा कराचा. तुमची नोंदणी असती तर हा जीएसटी तुम्ही आपल्या बिलांवरच्या करातून वळता केला असता. पण सेवा देणाऱ्याला वर्षाला 20 लाखांच्या आत नोंदणीची सक्ती नाही, आणि एका कार्डासाठी महिन्या-तिमाहीची विवरणपत्रं गळ्यात घेऊ नका. आयकरात घसारा दाखवून काही वाचेल का, असंही तुम्ही विचारलंय. नव्या पद्धतीत 2025-26 साठी 12 लाखांपर्यंत सवलतीमुळे तुमचा कर शून्यच होतो, मग वाचवायला काही उरतच नाही.

आता भावाची बॅग. 2025 च्या नियमाप्रमाणे परदेशातून येणाऱ्या आपल्या माणसाला 50,000 रुपयांपर्यंतचा माल विनाशुल्क आणता येत होता. त्यावरच्या रकमेवर 38.5 टक्के शुल्क पडत होतं. ही सूट माणशी आहे, भावाची आणि वहिनींची एकत्र करून एका वस्तूला लावता येत नाही. लॅपटॉपला वेगळी मोकळीक आहे, पण सुट्या ग्राफिक्स कार्डाला नाही. तुम्ही सहज लिहून गेलात की तो मामीसाठी 25,000 चा फोनही आणतोय. मग बॅगेत 68,000 चा माल झाला. वरच्या 18,000 वर 6,930 रुपये शुल्क. 8,500 मधून ते गेले की हाती राहिले 1,570. खोकं फेकून "वापरलेलं आहे" म्हणून आणायचा विचार चार लोक सुचवतील. तो करू नका. पकडलं गेलं तर माल जप्त होतो, दंड बसतो, आणि विमानतळावर उभा राहतो तो भाऊ. सणाला घरी येणाऱ्या माणसावर ही वेळ आणायची नाही.

फोन दुसऱ्या कुणी आणला तर 8,500 पूर्ण वाचतील, हे मान्य. तरी माझा कल इथेच घेण्याकडे आहे, आणि त्याचं कारण वॉरंटी.

2019 साली माझ्या मेहुण्यांनी मस्कतहून माझ्यासाठी कॅमेरा आणला होता. पाचव्या महिन्यात त्याचं शटर अडकलं. इथल्या सर्व्हिस सेंटरने सीरियल नंबर पाहिला आणि तो तसाच काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवला. वॉरंटी तिथल्या विभागाची होती. मग तिकडे जाणारा माणूस शोधा, त्याच्याकडे द्या, परत येणारा शोधा. कॅमेरा हातात यायला सात महिने गेले. माझं त्यावर पोट नव्हतं म्हणून निभावलं.

तुमचं आहे. कार्ड मार्चमध्ये बंद पडलं तर? पुण्याच्या बिलावर ते कुरियरने जाईल, तीन-चार आठवडे लागतील, तोवर जुन्या 1650 वर रडतखडत काम चालेल. दुबईच्या बिलावर पुढच्या गणपतीपर्यंतही थांबावं लागू शकतं. तीन नाकारलेल्या व्ह्यूंत 9,000 जातात, म्हणजे वाचवलेले 8,500 तिथेच संपले. त्यात आपली किनाऱ्यावरची खारी हवा. तुमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. खिडकीचे गज जिथे दोन वर्षांत पोपडे धरतात, तिथे सर्किट बोर्ड काही वेगळं वागत नाही. आणि गंज दिसला की वॉरंटीचा दावा बहुधा फेटाळला जातो, मग बिल कुठलंही असो. कॅबिनेट खिडकीपासून लांब ठेवा, आठवड्याला धूळ काढा, पावसाळ्यात काम नसलं तरी रोज तासभर मशीन चालू ठेवा म्हणजे आत दमट राहणार नाही.

एका अटीवर मी दुबईला हो म्हणेन. कार्ड बनवणाऱ्या कंपनीला ईमेल करा: तिकडे घेतलेल्या या मॉडेलची दुरुस्ती भारतातल्या केंद्रात वॉरंटीत होईल का? लेखी "हो" आलं आणि भावाची 50,000 ची जागा मोकळी असली, तर खुशाल मागवा. दुकानदाराचं तोंडी "इंटरनॅशनल वॉरंटी आहे" पुरेसं नाही. भावाला एक गोष्ट मात्र बजावून सांगा. 5060 टीआय याच नावाने 8 जीबीचंही कार्ड मिळतं. अमेरिकेत बाजारात आलं तेव्हा 8 जीबीचं 379 डॉलर आणि 16 जीबीचं 429 डॉलर होतं. घाईत स्वस्त म्हणून 8 चं उचलून आणलं तर तुमचा सगळा खटाटोप वाया जाईल.

कार्डाची निवड तुम्ही बरोबर केलीय. एएमडी कंपनीचं रेडिऑन आरएक्स 9060 एक्सटी 16 जीबी 349 डॉलरला आलं, गेम खेळणाऱ्याला मी तेच सांगितलं असतं. पण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडर करणाऱ्या भागात एनव्हिडियाची कार्डं पुढे आहेत, आणि आरटीएक्स त्यांचंच. जुनं 3060 12 जीबी वापरलेलं मिळतं, मात्र 2021 च्या लाटेत कितीतरी कार्डं क्रिप्टोच्या मायनिंगला रात्रंदिवस जुंपलेली होती. त्यातलंच आपल्या वाट्याला येणार नाही याची खात्री कोण देणार?

खर्च कार्डावर थांबत नाही, तेही हिशोबात धरा. 1650 ला 75 वॉट पुरतात, नव्याला 180 लागतात आणि कंपनी 600 वॉटचा पॉवर सप्लाय सांगते. तुमचा 450 चा आहे. नवा घ्यायला 5,500. तुमचा 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉटच पेलतो, रेंडर चालू असताना लाइट गेली की तो ओरडून बंद पडेल. मोठा घ्यायला 6,000. निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात काय झालं ते तुम्ही पाहिलंय, पण एरवीही आपल्याकडे वीज दिवसातून दोनदा डोळा मारते. एकूण 63,000 झाले. नाकारलेल्या सात कामांच्या हिशोबाने महिन्याला 7,000 जादा मिळतील असं धरलं, तर पैसे वसूल व्हायला कामाचे नऊ महिने लागतील. हे मला पटतं. कर्ज काढून मात्र पटलं नसतं, आणि "नो-कॉस्ट ईएमआय" वरही व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी लागतेच.

मग 63,000 आणायचे कुठून? दोन आर्किटेक्टकडे तुमचे 22,000 अडकलेत. चतुर्थीच्या आधी मागा, सणाच्या तोंडावर लोक देतात. महिन्याला 6,000 मागे पडतात म्हणता, म्हणजे ऑक्टोबरअखेर 18,000. तुमचे 45,000 धरून 85,000 झाले. कार्ड, सप्लाय, यूपीएस घेऊन 22,000 हाताशी राहतात. पावसात आपल्याकडे बांधकामं बंद असतात, तुमची गर्दी सुरू होते दसऱ्यानंतर. मग गणपतीची, 27 ऑगस्टची घाई कशाला? ती तारीख भावाच्या तिकिटावरची आहे.

मधल्या काळात एक करून बघा. चिपळूणला माझ्या ओळखीचा एक मुलगा हेच काम करतो, त्याच्याजवळ तासभर बसलो होतो. चिऱ्याचा बंगला, कौलारू छप्पर, मागे बारा माड. बंगला हलका होता, सगळी मेमरी खात होत्या त्या माडांच्या झावळ्या. त्याने अकरा माड पुसले आणि उरलेल्या एकाच माडाच्या प्रती ब्लेंडरमध्ये कीबोर्डवर शिफ्ट-डी ऐवजी ऑल्ट-डी दाबून केल्या. तशा प्रती मूळ माडाचीच जाळी, म्हणजे आकाराची माहिती, वापरतात, नवी साठवत नाहीत. मघाशी अडलेलं रेंडर माझ्यासमोर सुरळीत निघालं. तुम्हीही नाकारलेल्यातली सगळ्यात जड फाइल उघडा, झाडं अशी बदला, प्रोसेसरवर रेंडर लावून टास्क मॅनेजरमध्ये ब्लेंडर किती मेमरी घेतंय ते वहीत लिहा. आकडा 7 जीबीच्या खूप आत आला तर मला कळवा, मग 16 ऐवजी स्वस्त कार्डाचा हिशोब पुन्हा मांडू. 10-12 च्या पुढे गेला तर ऑक्टोबरच्या शेवटी पुण्याच्या दुकानातून, पक्क्या बिलावर, 16 चंच घ्या.