वाचकांचे प्रश्न : वळवाची वीज, बंधाऱ्याचे बरगे आणि पुराचे फूट-इंच

उन्हाळा संपत आला की नदीकाठच्या वाचकांची पत्रं वाढतात. या वेळची बहुतेक कोल्हापूर-सांगली पट्ट्यातली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे पाठ झालंय. पण आमच्या दारात पाणी कधी येणार, हे त्यावरून कसं ओळखायचं? (करवीर तालुका)

थेट ओळखता येत नाही. त्यासाठी एक दुपार खर्च करून आपल्या घराचा आकडा काढून ठेवावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा २०१९ मध्ये ५५ फूट ७ इंचांपर्यंत गेली होती, २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंचांपर्यंत. भिंतीवर गाळाची रेघ अजून दिसत असेल तर ती कोणत्या वर्षाची, हे आधी शेजाऱ्यांकडून पक्कं करून घ्या. दोन्ही पुरांत आठ इंचांचा फरक आहे आणि बऱ्याच घरांत दोन्ही रेघा आहेत.

समजा, रेघ २०२१ ची आहे आणि उंबऱ्यापासून साडेतीन फूट वर आहे. ५६ फूट ३ इंचांतून साडेतीन फूट वजा केले की ५२ फूट ९ इंच उरतात. बंधाऱ्यावर एवढं पाणी झालं की ते तुमच्या उंबऱ्याला लागणार.

पण हा आकडा निर्णयाचा नाही. घराआधी रस्ता बुडतो. गावाबाहेर पडताना ओढ्यावरची मोरी किंवा रस्त्याचा जो सखल भाग लागतो, तो उंबऱ्यापेक्षा किती खाली आहे हे गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने टप्प्याटप्प्याने मोजा. तो पाच फूट खाली निघाला तर तुमचा रस्ता ४७ फूट ९ इंचांना बंद होतो. नदीच्या पाण्याला उतार असतो, त्यामुळे हिशेब इंचाइंचाला जुळत नाही. दोन फूट हाताशी राखा. म्हणजे ४५-४६ फुटांच्या आत म्हातारी माणसं, पोरं आणि जनावरं बाहेर निघालेली हवीत, मग घर कितीही कोरडं दिसो.

वेळेचा हिशेब सोपा आहे. प्रशासनाच्या दोन पत्रकांमधला फरक बघा. पाणी तासाला तीन इंच चढत असेल तर ३९ वरून ४३ फुटांवर, म्हणजे ४८ इंच चढायला, सोळा तास लागतील. पात्राबाहेर पडल्यावर पाणी शिवारात पसरतं आणि चढण्याचा वेग मंदावतो. ‘आता तासाला इंचभरच वाढतंय’ म्हणून लोक निर्धास्त होतात, पण त्या पातळीवर एका इंचात खालच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी मावलेलं असतं.

शिरोळ तालुक्यातल्या वाचकांनी मात्र एकट्या राजाराम बंधाऱ्यावर विसंबू नये. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा चढलेली असली की पंचगंगेला फूग येते आणि कोल्हापुरात पाणी उतरू लागलं तरी इकडे ते तुंबून राहतं. सांगलीचा आयर्विन पूल (इशारा ४० फूट, धोका ४५ फूट) आणि नृसिंहवाडीची पातळी, दोन्ही सोबत वाचा.

‘कोयनेतून २१०० क्युसेक सोडले’ असा निरोप आला की गावात धावपळ सुरू होते. हे पाणी किती? (पलूस तालुका)

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर. २१०० क्युसेक हा पायथा वीजगृहातून नदीत येणारा विसर्ग आहे. तो दिवसभर चालू राहिला तरी टीएमसीचा (टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाचवा हिस्सासुद्धा होत नाही. एक टीएमसी पाणी दिवसभरात जायला सतत ११,५७४ क्युसेक लागतात. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी आहे, यावरून प्रमाण ध्यानात येईल. घाबरायचं ते वक्र दरवाजे उचलून विसर्ग दहा-वीस हजारांच्या पुढे जातो आणि त्याच वेळी धरणाच्या खालच्या मुक्त पाणलोटात पाऊस कोसळत असतो तेव्हा. त्या पावसाचं पाणी कुणी ‘सोडत’ नाही, त्यामुळे त्याचा निरोपही येत नाही.

राधानगरी धरणाचं अजून वेगळं. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत. जलाशयाची पातळी ठरावीक उंचीला गेली की ते आपोआप उघडतात, उतरली की मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, सातही उघडले तर ९९९६. रात्री दोनला कुणी मुद्दाम दरवाजा उघडला, या चर्चेत त्यामुळे काही अर्थ नसतो.

गेल्या वर्षी मेमध्येच बंधारा बुडाला, बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) तसेच राहिले आणि काठची मळी, म्हणजे गाळाची जमीन, तुटून गेली. बरगे आधीच का काढत नाहीत? (हातकणंगले तालुका)

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांबांच्या खाचांमधून बरगे सरकवून पाणी अडवतात. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून ते बसवायचे आणि पावसाळ्याआधी काढायचे, हा शिरस्ता. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. एरवी या तारखा १ जून आणि ११ जून. त्याआधीच वळवाने झोडपलं होतं. जूनच्या हिशेबाने आखलेलं काम मेअखेरीस पाण्याखाली गेलं.

बरगे राहिले की तीन गोष्टी होतात. खांबांमधल्या गाळ्यांतून जायचं पाणी अडतं. वाहून आलेले ओंडके, उसाचा पाला आणि जलपर्णी बरग्यांना अडकून भिंत तयार होते. मग पाणी सर्वांत कच्च्या बाजूने, म्हणजे बंधाऱ्याच्या टोकाशी असलेल्या मातीतून वाट काढतं. तुमची मळी तिथेच तुटली असणार. आणि एकदा दाब आला की बरगा खाचेत आवळून बसतो, साखळी-कप्पीलाही दाद देत नाही. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना बरगे काढायला उतरू नका, कुणाला उतरवूही नका.

आता कडू बोलतो. मेमध्ये बरगे काढायला माणसं आली की उसाला पाणी हवं म्हणून आडवे जाणारे बहुधा काठचे शेतकरीच असतात. मधला मार्ग आहे. पंधरा मेनंतर सगळे बरगे एकदम न काढता एकाआड एक गाळ्यातले वरचे दोन-तीन काढायचे, म्हणजे थोडं पाणी टिकतं आणि वळवाचा लोंढा आला तर त्याला वाट राहते. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा आला की उरलेले त्याच दिवशी. पाणीवापर संस्थेच्या बैठकीत एप्रिलमध्येच हा ठराव करून पाटबंधारे शाखेला लेखी द्या.

द्राक्षबागेत काम चालू असताना वीज कडाडायला लागली तर मांडवाखाली थांबावं का? (तासगाव तालुका)

अजिबात नाही. मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा एका टोकाला पडलेली वीज दुसऱ्या टोकापर्यंत नेतात. झाडाखाली, उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये, पंपाच्या पेटीजवळही थांबू नका. पक्क्या घरात किंवा काचा मिटलेल्या बंद गाडीत बसा. चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा, तितके किलोमीटर वीज दूर. मोजणी तीस सेकंदांच्या आत आली की काम थांबवायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप तुमच्या आसपासच्या २० आणि ४० किलोमीटरांतल्या विजांचा इशारा देतं. त्यासाठी फोनचं लोकेशन चालू लागतं. ते बंद ठेवून अ‍ॅपला नावं ठेवणारे बरेच आहेत.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही, हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब द्या आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

पूर आला तर बोट येईलच ना? की आधीच निघायचं? (मिरज तालुका)

बोट येते, पण हवेने फुगवलेल्या बोटीत एका खेपेला आठ-दहा माणसंच बसतात. दोनशे माणसं म्हणजे वीस-पंचवीस खेपा, त्याही ओढीच्या पाण्यात. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं दगावली, ती बाहेर निघायच्या घाईत क्षमतेपेक्षा जास्त चढली होती. जॅकेट नसेल तर बोटीत पाय ठेवू नका. जनावरं बोटीत घेत नाहीत, म्हणून त्यांची वेळ तुमच्या आधी येते. प्रत्येक मोठ्या जनावरामागे दिवसाला किमान पाच किलो कोरडी वैरण धरा. तीन जनावरं, आठ दिवस म्हणजे १२० किलो पिंजर किंवा कडबा छावणीकडे आधी पोहोचवा. हलवणं जमलंच नाही तर निदान दावी सोडा.

मदतीसाठी १०७७ हा जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा तिथूनच १०७७ फिरवेल तर फोन पुणे जिल्ह्यात लागेल. आधी सांगलीचा ०२३३ किंवा कोल्हापूरचा ०२३१ लावायचा.

पूर ओसरल्यावर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायची? (वाळवा तालुका)

व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ७८५ ने गुणा. लिटर मिळतील. पाच मीटर व्यास आणि सहा मीटर पाणी असेल तर सुमारे १ लाख १८ हजार लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीला दुप्पट घ्या, म्हणजे इथे साधारण ६०० ग्रॅम. पावडर तशीच फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करा, दहा मिनिटं ठेवा, चुना तळाशी बसू द्या. वरची निवळ दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली हलवत फिरवा. चुना विहिरीत जाऊ देऊ नका, पाणी जड होतं. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का याची तपासणी, करा. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा डोस द्या. पोतं ओलसर किंवा गेल्या वर्षी उघडलेलं असेल तर त्यात क्लोरीन उरलेलाच नसतो, मग कितीही टाका.

पंचनाम्यात काय बघून सही करावी? (शिरोळ तालुका)

नुकसानीचं कारण बघा. नदीचं पाणी शेतात शिरलं असेल तर ‘पूर’ लिहून घ्या. ‘अतिवृष्टी’ लिहिलं आणि तुमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला नसेल तर प्रकरण अडकतं. पीक नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असल्याचा उल्लेख हवा. मेलेलं जनावर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने बघण्याआधी पुरू नका, आणि कानातल्या बारा अंकी टॅगसकट फोटो काढा. वाहून गेलं असेल तर त्याच दिवशी तलाठी आणि पोलीस पाटलाला लेखी कळवा. सातबारा सामाईक असेल तर इतर खातेदारांची संमतिपत्रं आत्ताच गोळा करून ठेवा, पुरानंतर भाऊबंद चार गावांत पांगलेले असतात.