व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) 'आढळला नाही' असा रिपोर्ट आलाय, आता एचआयव्हीच्या गोळ्या थांबवू का?

नाही, कृपया थांबवू नका. विषाणू गेलेला नसतो, काही पेशींत दडून बसलेला असतो. गोळ्या सुटल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच पुन्हा डोकं वर काढतो.

चालू ठेवण्याचं मोल किती, ते पाहा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'पार्टनर' अभ्यासात, दोघांपैकी एकालाच एचआयव्ही असलेल्या ७८२ पुरुष जोडप्यांनी कंडोमशिवाय ७६ हजारांहून अधिक वेळा संबंध ठेवले. गोळ्यांमुळे विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. एकालाही!

रोजची गोळी नकोशी झाली असेल तर डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. काही ठिकाणी दोन महिन्यांनी एकदा घ्यायची इंजेक्शनं मिळतात. तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोयही अनेक केंद्रांत असते. आणि केंद्रात जायची तारीख चुकलीच, तर संकोचून घरी बसू नका, दुसऱ्याच दिवशी जा.