'पट भरला' हे तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका

प्रश्न : रत्नागिरी शहराला लागून असलेल्या ग्रामपंचायत हद्दीत आम्ही नुकतेच फ्लॅटवर राहायला आलो. मुलगी सहा पूर्ण आहे, तिला पहिलीत घालायचं आहे. मुलगा चौथीत जाईल, पण त्याचा दाखला जुन्या शाळेकडून अजून आलेला नाही. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत "पट भरला, बसायला जागा नाही" असं सांगितलं. खासगी शाळा चाळीस हजार देणगी मागते. बिल्डरच्या माहितीपत्रकात शाळेचा भूखंड दाखवला होता, तिथे आज रान आहे. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले. काय करू? – एक पालक

उत्तर : आधी मुलं वर्गात बसली पाहिजेत. बिल्डरचा हिशोब नंतर करू.

आपल्याकडे आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, म्हटलं की खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांची सोडतच आठवते. तुमचं काम त्या कलमाचं नाही. २००९ च्या या कायद्यातल्या 'सक्ती' या शब्दाची व्याख्या नीट वाचा. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होणं याची जबाबदारी शासनावर आहे. कलम ९ नुसार हेच बंधन स्थानिक प्राधिकरणावर येतं. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अंतर धरलं आहे. 'वर्ग भरला' म्हणून मूल परत पाठवण्याची मुभा कायद्यात कुठेही नाही. पाचवीपर्यंत ६० मुलांमागे दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, हे परिशिष्टातलं प्रमाण शासनाने शिक्षक द्यावेत म्हणून आहे. ते दाखवून मुलांना दार बंद करता येत नाही. मुख्याध्यापकांशी भांडू नका. खोली आणि शिक्षक देणं त्यांच्या हातात नसतं, आणि कोंदट वर्गात पन्नास मुलं सांभाळणाऱ्या बाईंचा त्यात काही दोष नाही.

अर्ज कुठे द्यायचा, इथेच बहुतेकांचे महिने वाया जातात. नाचणे, कुवारबाव, मिरजोळे या बाजूला वस्ती शहराचीच वाटते, पण हद्द ग्रामपंचायतीची आहे. म्हणजे तुमचं स्थानिक प्राधिकरण जिल्हा परिषद, नगर परिषद नव्हे. घरपट्टीची पावती कोणाची येते ते पाहा, शंका उरणार नाही.

उद्या सकाळी शाळेत दोन प्रतींत अर्ज द्या. मुलाचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, पत्ता, घरापासून शाळेचं चालत अंतर, आणि एक वाक्य : "प्रवेश देता येत नसल्यास कारण लेखी द्यावे." दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घ्या. पोच नाकारली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. दाखल्यासाठी थांबू नका. कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर हे प्रवेश नाकारण्याचं किंवा लांबवण्याचं कारण होऊ शकत नाही, आणि तो ताबडतोब न देणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. जन्मदाखला नसेल तर कलम १४ तुमच्या बाजूने आहे. उशिरा आलात म्हणाले तर कलम १५ दाखवा.

आठवडाभरात प्रवेश झाला नाही, तर कलम ३२ खाली लेखी तक्रार जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे करा. प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. निर्णयाची मुदत तीन महिने आहे आणि तोवर दिवाळी जवळ येते. म्हणून "निर्णय होईपर्यंत मुलांना तात्पुरते वर्गात बसू द्यावे" अशी मागणी त्याच अर्जात हवी. बहुधा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पातळीवरच वाट निघते : दोन सत्रांत शाळा, वाढीव तुकडी, किंवा दुसरीकडचा शिक्षक कामगिरीवर. दुसरी शाळा सुचवली तर ती एक किलोमीटरच्या आत आहे का, ते चालून पाहा. मध्ये महामार्ग ओलांडावा लागतो किंवा पावसात पऱ्या (ओढा) फुगतो, तर फोटोसह लिहून द्या. नकाशावरची सरळ रेघ सहा वर्षांच्या मुलीला चालता येत नाही.

निर्णय विरुद्ध गेला तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. त्याही पुढे उच्च न्यायालयात रिट करता येते. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, त्यामुळे मुंबई गाठावी लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज आईच्या नावाने करा.

आता खासगी शाळा. देणगी घेणं कलम १३ प्रमाणे गुन्हा आहे आणि दंड आकारलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत होऊ शकतो. मागणी तोंडी असेल तर "रक्कम कशासाठी, पावती कोणत्या नावाने" असं लेखी विचारा. पण एक खाचखळगा ध्यानात ठेवा. 'आता फी भरू, मग जिल्हा परिषदेकडून वसूल करू' हा हिशोब चुकीचा आहे. पालकांनी स्वतः विनाअनुदानित शाळेत घातलेल्या मुलाच्या खर्चाची भरपाई मागता येत नाही, असं कलम ८ च्या परंतुकात स्पष्ट आहे. म्हणून फी भरण्याआधी वरचे दोन्ही अर्ज होऊ द्या.

बिल्डरच्या भूखंडाबद्दल : शहराच्या विकास योजनेत शाळेसाठी जागा आरक्षित असते, हद्दीबाहेरच्या प्रादेशिक योजनेत सहसा तसं जागानिहाय आरक्षण नसतं. शहराच्या कडेला इमारती उठतात आणि शाळेला गुंठाभर जागा उरत नाही, त्याचं मूळ इथे आहे. नगररचना कार्यालयातून मंजूर रेखांकनाची प्रत काढा. भूखंड त्यात 'शाळा' म्हणून असेल तर बिल्डरला तो परस्पर बदलता येत नाही. फक्त माहितीपत्रकात असेल तर रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १२ खाली खोट्या जाहिरातीबद्दल भरपाई मागता येते. महारेराकडे (राज्याचं रेरा प्राधिकरण) तक्रार ऑनलाइन होते, शुल्क पाच हजार. माहितीपत्रक आणि बुकिंगची पावती फाडू नका. मात्र या मार्गाने पैसे मिळतील, शाळा मिळणार नाही.

शाळा हवी असेल तर एकट्याने लढू नका. शिक्षकांची पदं संच मान्यतेत (शाळेच्या पदांची दरवर्षीची मंजुरी) ठरतात आणि ती ३० सप्टेंबरच्या पटावर होते. दारातून परत पाठवलेलं मूल त्या पटावर येत नाही, म्हणून पुढच्या वर्षीही पद वाढत नाही आणि पुन्हा 'जागा नाही'. २०११ च्या नियमांत नव्या प्राथमिक शाळेसाठी ६ ते ११ वयाची किमान २० मुलं लागतात. तुमच्या दोन-तीन इमारतींतच ती निघतील. प्रत्येक घरातून मुलाचं नाव, जन्मतारीख, आधी कोणत्या शाळेने नाकारलं आणि पालकांची सही अशी यादी करा. ग्रामसभेत ठराव घ्या, आणि दोन्ही कागद जिल्हा परिषदेत द्या. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये शुल्क, दीडशे शब्दांच्या आत : त्या शाळेचा तीन वर्षांचा पट, मंजूर पदं, रिक्त पदं, वर्गखोल्या. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. अर्ज जुलैत गेला तर उत्तर ३० सप्टेंबरच्या आत हातात असेल.